यशोदाअक्कांची उपकारस्तुती

मयुरीला जुळं झालं, त्या वर्षाची ही गोष्ट. साल दोन हजार तेवीस. मयुरी म्हणजे प्रमिलाबाईंची एकुलती एक मुलगी, जळगावला दिलेली. लग्नानंतर नऊ वर्षांनी दिवस राहिले, तेही जुळ्यांचे. म्हणून प्रमिलाबाईंनी मे महिन्यातच धुळ्यातल्या देवपूरच्या घराची मागची खोली रिकामी करून रंगवून घेतली होती. पलंगावर नवी गादी, खिडकीला मच्छरांची जाळी, डब्यात डिंक आणि खारीक. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज बाकीच्या लोकांत तसाच आपल्या ख्रिस्ती मंडळीतही. जूनच्या पंधरा तारखेला मयुरीला आणायला जायचं ठरलं होतं.

बारा तारखेला यशोदाअक्का पडल्या.

अक्का ही प्रमिलाबाईंची थोरली जाऊ. वय चौऱ्याहत्तर. नवरा अभिमन जाऊन तीस वर्षं झालेली. शिंदखेड्याजवळच्या गावात एकट्याच राहायच्या. अंगणात शेळीच्या दोरीत पाय अडकला आणि खुब्याचं हाड मोडलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी फोटो पाहिला, छाती तपासली आणि सांगितलं, हृदय अशक्त आहे, भूल सोसणार नाही. ऑपरेशन नको. झोपवून ठेवा, होईल तेवढं जपा.

अक्कांचा मुलगा भूपेंद्र जळगावहून धावत आला. चटईच्या कारखान्यात सुपरवायझर, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. काकांसमोर हात जोडून म्हणाला, "आठ दिवस, काका. फक्त आठ दिवस. मी तळमजल्याचं घर बघतो."

प्रमिलाबाईंचे यजमान योगराजभाऊ एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. पुढे सरका, जागा आहे, असं म्हणण्यात त्यांचा जन्म गेलेला. ते म्हणाले, "आण ना. जागा शे."

जागा होतीच. ती मयुरीची होती.

आठ दिवसांचे पंधरा झाले, पंधराचे पन्नास. तळमजल्याचं घर काही सापडलं नाही. मयुरीचं बाळंतपण जुलैच्या अखेरीला जळगावलाच झालं, सासूने केलं. एक मुलगा, एक मुलगी. प्रमिलाबाईंनी नातवंडं पाहिली ती मोबाइलवर, आणि तेव्हाही दुसऱ्या हातात अक्कांचं भांडं होतं.

तसं पाहिलं तर प्रमिलाबाईंना कामाचा कंटाळा नव्हता. तीस वर्षं त्यांनी दवाखान्यात आयाचं काम केलं होतं. माणूस कुशीवर कसं वळवायचं, पाठीला पावडर कधी लावायची, चादर न उचलता कशी बदलायची, हे त्यांना झोपेतही जमलं असतं. नळाला पाणी पाचव्या दिवशी येत होतं, तरी अक्कांच्या अंगाला कधी वास आला नाही. त्यांचा जीव खात होती ती वेगळीच गोष्ट.

अक्का उपकारस्तुती करायच्या.

मंडळीत त्यांचं त्याबद्दल मोठं नाव होतं. नवरा गेला तेव्हा आभार, जमीन बुडाली तेव्हा आभार. पाळकसाहेब उपदेशात त्यांचं उदाहरण द्यायचे. पण उपदेशात ऐकणं वेगळं आणि चोवीस तास एका भिंतीपलीकडून ऐकणं वेगळं. सकाळी प्रमिलाबाईंनी गरम पाणी नेलं की अक्का डोळे मिटून म्हणायच्या, "देवा, तू ऊन पाणी दिधं, तुना उपकार."

"देवाने नाही दिलं," प्रमिलाबाई टॉवेल पिळत म्हणायच्या. "मी दिलं. सिलिंडर संपत आला होता, तरी दिलं."

"हो ना," अक्का म्हणायच्या, आणि पुन्हा डोळे मिटून, "सिलिंडरना बी उपकार, देवा."

नाश्त्याला उपमा, त्याचे उपकार. भांडं वेळेवर मिळालं, त्याचे उपकार. खिडकीतल्या कडुनिंबावर कावळा बसला, त्याचेसुद्धा उपकार. तीन महिन्यांत कावळ्याचा नंबर दोनदा लागला. प्रमिलाबाईंचा एकदाही नाही.

"कावळ्याने काय केलं हो हिचं?" प्रमिलाबाई स्वयंपाकघरात योगराजभाऊंना विचारायच्या. "त्याने पाठ चोळली? त्याने लघवीचं भांडं धुतलं?"

"हळू. ऐकू जाईल."

"जाऊ द्या. जिभेला काय काटा येतो का माझं नाव घ्यायला? तुमच्या वहिनीला नाव माहीत आहे ना माझं? चाळीस वर्षं झाली या घरात येऊन."

योगराजभाऊ पिशवी उचलायचे आणि पांझरेच्या पुलाकडे भाजी आणायला जायचे. त्या पावसाळ्यात घरात इतकी भाजी आली की शेजारणीला द्यावी लागली.

त्याहून चीड आणणारी गोष्ट रविवारी घडायची. उपासना आटोपली की भूपेंद्रचा फोन यायचा. प्रमिलाबाई फोन अक्कांच्या कानाशी धरायच्या आणि सगळं ऐकायच्या.

"कशी आहेस, आई?"

"मजामा शे. देवनी बठ्ठं दिधं. माले काही कमी नही. तू काळजी करू नको."

"दुखत नाही ना?"

"कसानं दुखनं? उपकार त्याना."

मग भूपेंद्र काकूंशी बोलायचा. "आई मजेत आहे म्हणते. खरंच, काकू, तिच्या विश्वासाकडे पाहिलं की आपल्यालाच लाज वाटते."

"तुला वाटते का?" असं प्रमिलाबाईंच्या ओठांवर यायचं. पण त्या फोन ठेवून द्यायच्या. आई मजेत म्हटल्यावर मुलगा कशाला येतो? जूननंतर तो दोनदा आला होता, दोन्ही वेळा संध्याकाळच्या गाडीने परत.

ऑगस्टच्या शेवटी एके दिवशी प्रमिलाबाईंचं डोकं फिरलं. सकाळीच मयुरीचा फोन आला होता. मुलीला सर्दी, मुलगा रडका, सासूचे गुडघे धरलेले. "आई, चार दिवस तरी ये ना गं." प्रमिलाबाई म्हणाल्या, "बघते." फोन ठेवून त्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या. चहा उकळला होता. तो त्यांनी गाळला, स्वतःचा कप घेतला, आणि अक्कांचा कप तिथेच झाकून ठेवून पायरीवर जाऊन बसल्या. म्हटलं, बघू या आज. देव देतोय ना सगळं? देऊ दे चहा.

सात वाजले. साडेसात वाजले. आतून हाक नाही, खाकरणं नाही. प्रमिलाबाई कान लावून बसलेल्या. पावणेआठला अक्कांचा आवाज आला, बारीक, पण स्पष्ट.

"देवा, आज तहान दिधी. तहान लागनी म्हणजे जीव शे. तुना उपकार."

प्रमिलाबाईंनी कप इतक्या जोरात आपटला की कान तुटला. चहा गरम केला, घेऊन गेल्या, अक्कांना मानेखाली हात घालून उठवलं आणि म्हणाल्या, "अक्का, तुमच्यापुढे माणसाने भिंतीवर डोकं आपटावं."

"कसाले चिडी राहिनी?" अक्कांनी विचारलं. चहाचा घोट घेतला. आणि डोळे मिटले.

"नका!" प्रमिलाबाई ओरडल्या. "चहा संपेपर्यंत तरी नका."

सप्टेंबरात अक्कांनी नवीन काढलं. उपकारस्तुतीची सभा ठेवायची म्हणाल्या. आपल्यात माणूस दुखण्यातून उठलं, घर बांधलं, पोरगं नोकरीला लागलं की घरी पाळकांना आणि मंडळीला बोलावून प्रार्थना करतात, गाणी म्हणतात, आणि मग जेवण. ज्याच्यावर उपकार झाला तो उभा राहून साक्ष देतो. शेवटी घरची बाईही एक उपकार बोलून दाखवते, आणि मगच पानं वाढतात.

"पण अक्का, तुम्ही अजून उठलाच नाहीत," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"म्हणून काय? उठल्यावर तर कोणीही ठेवीन."

"आणि चाळीस माणसांचा स्वयंपाक?"

"देव करीन," अक्का म्हणाल्या.

तिसऱ्या रविवारी देवाने पहाटे साडेपाचला उठून चार किलोच्या बट्ट्या मळल्या, तुरीचं वरण शिजवलं, वांगी घोटली. त्याच्या कमरेत कळ येत होती आणि साडी तुपाने माखली होती. योगराजभाऊंनी खुर्च्या आणल्या. अक्कांचा पलंग चौघांनी उचलून पुढच्या खोलीत ठेवला. भूपेंद्र येणार होता, पण कारखान्यात काम निघालं. त्याने फोनवरून आमेन म्हटलं.

गाणी झाली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. मग अक्का उशीला टेकून बोलल्या, यावेळी सगळ्यांना कळेल अशा मराठीत.

"मी पडले, त्याबद्दल देवाचे उपकार. पायावर होते तोवर मान वर करायला सवड नव्हती. आता झाड बघते, ऊन बघते. या घराच्या छपराबद्दल उपकार. गादीबद्दल उपकार. रोज अन्न आलं, पाणी आलं, औषध आलं, त्याबद्दल उपकार. मला काही कमी पडलं नाही."

बायांनी डोळ्यांना पदर लावले. पाळकसाहेब म्हणाले, "पाहा, याला म्हणतात विश्वास. संकटातही तक्रारीचा एक शब्द नाही." मग दाराकडे वळून, "आता प्रमिलावहिनी. घरच्या बाईने एक उपकार सांगायचा."

प्रमिलाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात झारा. मागे कढईत बट्ट्या तळत होत्या. अन्न आलं, पाणी आलं, औषध आलं. चालत आलं का? त्यांच्या कानात तेवढंच घुमत होतं. त्यांनी डोळे मिटले.

"देवा," त्या म्हणाल्या, "तुझ्यापुढे खोटं कसं बोलू? मला आज आभार मानावेसे वाटत नाहीत. माझ्या मुलीचं बाळंतपण मी केलं नाही. ती जुळी दोन महिन्यांची व्हायला आली, मी त्यांना हातात घेतलं नाही. तिच्या खोलीत ही बाई आहे. हिचं सगळं मी करते आणि नाव तुझं होतं. हिचा मुलगा येत नाही, कारण ही त्याला मजेत आहे म्हणून सांगते. मला राग येतो, देवा, हिचाही आणि तुझाही. हातात अजून जोर आहे, म्हणून हे रेटतंय. तेवढ्याबद्दल उपकार. आमेन. बट्ट्या जळतायत."

आणि त्या आत गेल्या.

आमेन म्हणावं की नाही, हे कोणाला कळेना. शेवटी महिला मंडळाच्या पुष्पाबाईंनी म्हटलं, आणि मग सगळ्यांनी घाईघाईने म्हटलं. जेवणं गुपचूप झाली. जाताना पाळकसाहेब चप्पल शोधत म्हणाले, "वहिनी, प्रार्थना मनमोकळी होती."

"बट्ट्या कशा होत्या?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"उत्तम होत्या."

"मग झालं."

संध्याकाळी भांडी आटोपल्यावर प्रमिलाबाई दिवा लावायला खोलीत गेल्या. पलंग परत जागेवर आला होता. अक्का जाग्या होत्या.

"प्रमिला, बैस."

तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी नाव घेतलं होतं. प्रमिलाबाई बसल्या, पण पलंगावर नाही, स्टुलावर.

"मी नऊ वर्षांची असताना बोर्डिंगात होते," अक्का म्हणाल्या. "आईबाप नव्हते. नाताळला पाहुणे यायचे, फ्रॉक द्यायचे. आम्हाला रांगेत उभं करायचे. एकेकीने पुढं जायचं, वाकायचं, आभार म्हणायचं. मोठ्याने नाही म्हटलं तर फ्रॉक परत. मग वर्षभर कोणीही यावं आणि म्हणावं, हा आम्ही दिलेला ना गं? चिखल लावलास? तेव्हाच मी ठरवलं, आभार मानायचे तर देवाचे. तो परत येऊन फ्रॉक बघत नाही."

"मी कधी फ्रॉक पाहिला तुमचा?"

अक्का म्हणाल्या, "दोंडाईच्याला लग्न होतं. हे वारले त्याच्या पुढच्या वर्षी. तुम्ही वर्षभर ज्वारी पाठवली होती. पंगतीत तू वाढत होतीस. पाच-सहा बाया होत्या. तू म्हणालीस, अक्कांना पोटभर वाढा, आमच्या ज्वारीवर दिवस काढलेत त्यांनी."

प्रमिलाबाईंना काही आठवेना. मग आठवलं. लग्न आठवलं, बुंदीचं पातेलं आठवलं, आणि आपण हसत म्हणालो होतो हेही आठवलं. तीस वर्षं ही बाई ते उराशी धरून बसली होती, आणि त्यांना स्वतःला घरी पोहोचेपर्यंतही ते लक्षात राहिलं नव्हतं.

"ती चेष्टा होती, अक्का."

"असेल. घास गिळला नाही मात्र."

बाहेर योगराजभाऊ खुर्च्या मोजत होते, एक कमी येत होती, म्हणून पुन्हा मोजत होते. प्रमिलाबाईंनी पदराने कपाळ पुसलं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. म्हणताना आवाज रागीटच लागला, कारण दिवसभराचा राग अजून तसाच होता. "चुकलं. पण एक सांगा. खरंच दुखत नाही का तुम्हाला?"

"दुखस ना वं," अक्का म्हणाल्या. "रातभर दुखस. हाडमा सुई फिरस. म्हणून तर उपकार मोजते. काहीतरी मोजावं लागतं, नाहीतर दुखणंच मोजत बसते मी. ते ढोंग नाही, प्रमिला. देवाच्या नावाची काठी आहे ती. ती टाकली तर मी उरत नाही."

"काठी टाका असं कोण म्हणतंय? पण त्या काठीचा मार मला बसतो, अक्का. तुम्ही मजेत म्हणता आणि भूपेंद्र सुटतो. तुम्ही सुटता. मी अडकते. देवाला जे सांगायचं ते सांगा. पोराला खरं सांगा."

"पोराजवळ मागू?"

"मागा. नऊ महिने पोटात ठेवलंय. तो काय फ्रॉकवाला साहेब आहे?"

अक्कांनी भिंतीकडे तोंड केलं. प्रमिलाबाईंना वाटलं, संपलं, आता ही झोपेल. त्या उठल्या. तेवढ्यात मागून आवाज आला, "लाव फोन."

फोन लागला. प्रमिलाबाईंनी तो अक्कांच्या कानाशी धरला. अक्कांचा हात चादरीवर नुसता मूठ वळत होता. शेळीच्या दोरीत पडल्या तेव्हाही त्या ओरडल्या नव्हत्या, असं गावचे लोक सांगत होते. आता त्यांच्या कपाळावर घाम आला.

"भूपेंद्र. नही, मजामा नही. माले लई त्रास व्हस. पाठ दुखस, पाय दुखस. रातले झोप येत नही." मग थांबल्या. मोठा श्वास घेतला. "तू ये. पुनमले बी आन. आठ दिन सुट्टी ले. प्रमिलाले जळगावले जानं शे, पोरीजवळ. हो, आत्तेच सांगी राहिनू. उद्या नही, परवा ये."

फोन बंद झाला. एवढं मागितल्यावर अक्का दमून गेल्या होत्या. प्रमिलाबाईंनी पाणी पाजलं, आणि अक्का ते प्यायल्या, पण त्या वेळी उपकार म्हटले नाहीत. तेवढं बळच राहिलं नव्हतं.

मंगळवारी भूपेंद्र आणि त्याची बायको पुनम आले. प्रमिलाबाईंनी पुनमला कुशीवर वळवायची रीत दोनदा दाखवली, भूपेंद्रला एकदा, आणि डिंकाचा डबा पिशवीत घालून जळगावची गाडी धरली. तिथे आठ दिवस त्यांनी जुळ्यांना तेल लावून न्हाऊ घातलं. मुलगा खरंच रडका होता. मयुरी सकाळी नऊ-नऊपर्यंत झोपायची आणि प्रमिलाबाई कोणाला तिला उठवू द्यायच्या नाहीत. मयुरीच्या सासूलाही त्यांनी गुडघ्यांना शेक दिला, आणि त्या बाईने शेक घेता घेता शंभरदा आभार मानले. प्रमिलाबाईंना ते ऐकून कानकोंडं झालं.

नवव्या दिवशी त्या परतल्या तेव्हा दारात भूपेंद्र कमरेला हात लावून उभा होता. डोळे लाल.

"काकू," तो म्हणाला, "आई एवढी कुरकुर करते हे मला माहीतच नव्हतं."

"कधी करते?"

"दिवसभर! चादरीला सुरकुती आहे, चहा पाणचट आहे, पुनमची बांगडी टोचते. देवाला सगळं गोड सांगते आणि आम्हाला सगळं कडू."

प्रमिलाबाई पिशवी खाली ठेवून आत गेल्या. अक्कांनी त्यांना पाहिलं. कशी आहेस नाही, पोरं कशी आहेत नाही.

"पुनमना वरणमा मीठच नव्हतं," अक्का म्हणाल्या. "आठ दिन."

"आता मी आले ना."

"तुना वरणमा बी कमीच ऱ्हास. कधी सांगं नही."

प्रमिलाबाई पाहतच राहिल्या. तीन महिने अन्नावर उपकार म्हणणाऱ्या बाईने आज पहिल्यांदा त्यांच्या वरणाला नाव ठेवलं होतं. त्यांना चीड आली, आणि चीड येता येता लक्षात आलं की पंगतीतली पाहुणी असं बोलत नाही. घरची बाई बोलते. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि वरणात मुद्दाम दीड चमचा मीठ टाकलं.

पुढे भूपेंद्र दर रविवारी येऊ लागला, सकाळच्या गाडीने, आणि आईला आंघोळ घालूनच परतायचा. प्रमिलाबाई पंधरा दिवसांतून दोन दिवस जळगावला जायच्या. अक्कांची उपकारस्तुती सुरूच राहिली, आणि तिच्या जोडीला कुरकुरही. प्रमिलाबाईंचं नाव त्यांनी प्रार्थनेत शेवटपर्यंत घेतलं नाही. प्रमिलाबाईंनीही वाट पाहणं सोडलं. एका सकाळी त्यांनी गरम पाण्याची बादली ठेवली, अक्का डोळे मिटणार, तेवढ्यात प्रमिलाबाईंनीच घाईघाईने म्हणून टाकलं, "देवा, ऊन पाणी मिळालं, तुझे उपकार." अक्कांनी एक डोळा उघडला आणि म्हणाल्या, "जास्तच ऊन शे. थोडं गार टाक."

यशोदाबाई, अभिमन यांच्या पत्नी, त्याच वर्षी डिसेंबरच्या एकोणीस तारखेला, मंगळवारी दुपारी तीन वाजता, देवपूरच्या मागच्या खोलीत वारल्या.